मधाच्या रंगाचा रोल

शामसुंदर सेठनं पोतं उघडलं आणि आतला रोल दोन्ही हातांनी उचलून केवलरामच्या टेबलावर आदळला. लोखंडी ड्रमवर काळ्या रबराचा एक पातळ, फाटका थर तेवढा उरला होता.

"चार दिन, केवलरामजी. सिर्फ चार दिन पहले नया लगाया था."

शामसुंदरची धमध्याच्या रस्त्यावर तांदळाची मिल होती. डिसेंबर चालू होता, धानाच्या गाड्या फाटकापासून सडकेपर्यंत उभ्या होत्या, आणि मिल दर चार दिवसांनी रोल बदलायला थांबत होती. धान सोलायचं म्हणजे असे दोन रोल शेजारी-शेजारी फिरतात, एक जलद, दुसरा जरा हळू. दाणा दोघांमधून जातो आणि त्या ओढाताणीत त्याचं टरफल सुटतं. पण टरफल असतं कानशीसारखं खरखरीत. ते रबर खाऊन टाकतं. शिवाय तांदळावर काळ्या रेघा उठतात त्या वेगळ्याच.

"आप खदानवालों के लिए वो पट्टी बनाते हैं ना, जो घिसती ही नहीं? उसी माल का रोल बना दीजिए."

केवलराम नकारार्थी मान हलवू लागला. तो राजनांदगावचा मराठी माणूस. भिलाईच्या औद्योगिक भागात त्याचं पॉलियुरेथेन ओतायचं छोटं शेड होतं. कन्व्हेयरच्या पट्ट्यावरची घाण खरवडणारी पाती, बुश, लहान-मोठी चाकं, एवढंच तिथं व्हायचं. "सेठ, आपलं काम पट्ट्याचं. मिलचं आपल्याला काही—"

"सर, करून पाहू या ना," हर्षा मध्येच बोलली.

ती झिजलेल्या रोलवरून बोट फिरवत होती. दोन वर्षांपूर्वी केवलरामनं तिला नोकरीवर ठेवलं तेव्हा शेडमध्ये माल अंदाजानं मिसळला जायचा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या या दुर्गच्या मुलीनं काटा आणला, थर्मामीटर आणला आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या तोंडाला मास्क बांधायला लावला. केवलराम तिच्यावर कधी चिडायचा, पण परत आलेल्या मालाचा ढीग तिच्यामुळेच नाहीसा झाला हे तो जाणून होता.

"किती दिवसांत?" त्यानं विचारलं.

"आठवड्यात," हर्षानं सांगून टाकलं. नंतर हा शब्द तिला फार टोचणार होता.

संध्याकाळी रुआबांध्याच्या घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात रोलच फिरत होता. नवरा भूपेंद्र भिलाई-३ च्या लोको शेडमध्ये सेकंड शिफ्टला होता, म्हणून तिनं सगळं सासऱ्यांपुढेच ओतलं. विदर्भाकडच्या रीतीनं ती त्यांना मामाजी म्हणायची. हिरालाल मूळचे तिरोड्याकडचे. घरची धानाची शेती सोडून बापामागे भिलाईच्या पोलाद प्लांटला आले, छत्तीस वर्षं कन्व्हेयरच्या देखभालीत काढली आणि निवृत्त झाले. फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूचं नाव काढलं की त्यांचे कान टवकारायचे.

"मले एक सांग पोरी," ते म्हणाले, "हे पीयू-पीयू तू करून राहिली दोन वर्सांपासून. हाय काय ते? रबर का प्लास्टिक?"

"दोन्ही नाही, मामाजी. दोन पातळ पदार्थ असतात. वेगवेगळे ठेवले तर नुसते पडून राहतात. गरम करून मापात मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांचे हात धरतात, लांबच लांब साखळ्या होतात. साखळ्या सैल ठेवल्या, मधे हवा भरली, की गादीचा फोम. जास्त गाठी मारल्या की फ्रीजच्या भिंतीतलं कडक भरण. तुमच्या बुटाचा तळवा, मोटारीची सीट, आमची स्क्रेपरची पाती, सगळे सख्खे भाऊ. कुणाला काय खाऊ घालून वाढवलं एवढाच फरक."

"म्हणजे सैपाकच हाय," सासूबाई कमलाबाई भाकरी थापता-थापता म्हणाल्या.

"हाव, सैपाकच," हिरालाल हसले. "मंग त्या रोलले काय खाऊ घालतं?"

"पात्याला घालते तेच. एस्टर जातीचा माल. घासण्याला त्याच्यासारखा कुणी नाही."

आणि तिनं तेच केलं. ड्रमवरचं जुनं रबर काढलं, वाळूच्या माऱ्यानं लोखंड पांढरं शुभ्र केलं, चिकटद्रव्य लावून भाजलं, साच्यात उभं करून भोवती माल ओतला. सहाव्या दिवशी रोल साच्यातून निघाला, लालसर, गुळगुळीत. शामसुंदरचे रोज दोन फोन. सातव्या दिवशी सकाळी रोलची जोडी मिलवर पोचली. हिरालाल हट्टानं बरोबर आले.

पहिला तास स्वप्नासारखा गेला. खाली पडणारा दाणा स्वच्छ, एकही काळी रेघ नाही. शामसुंदरनं तांदूळ मुठीत घेऊन सगळ्यांना दाखवला, मिठाई मागवली. दुसऱ्या तासाच्या शेवटी मशीनमधून जळक्या गुळासारखा वास यायला लागला. ऑपरेटर मोहितनं डोकं वर केलं. मग धप्प असा आवाज, मशीन थरथरलं, मोहितनं बटण दाबलं. झाकण उघडलं तेव्हा जलद रोलवरचा हातभर तुकडा ड्रमपासून सुटून लोंबत होता.

मिठाईचा पुडा तसाच बंद राहिला. शामसुंदरनं जुने रबर रोल आणायला माणूस पाठवला. केवलराम मात्र सगळ्यांसमोर बोलला. "मी म्हणत होतो. पट्ट्याचं काम सोडून ही नसती—"

हर्षाचे कान तापले.

हिरालाल एवढ्यात मशीनपाशी वाकले होते. मोहितला मेन स्विच काढायला लावून त्यांनी आधी रोलच्या वरच्या अंगावर तळहात ठेवला, मग सुटलेल्या तुकड्याखाली बोटं घातली आणि झटक्यानं हात मागे ओढला.

"हर्षा, इकडं ये. वरून हात लाव."

तिनं लावला. चहाच्या कपाइतकं गरम.

"आता आतून. जपून!"

आत मात्र चटका बसला. ड्रमला चिकटून असलेला माल चक्क मऊ पडला होता, नख रुततं इतका.

"घासून तापलं असतं तर वरून तापलं असतं," हिरालाल म्हणाले. "हे घासून नाई तापलं. हे चेपून-चेपून तापलं. एका ठेकेदाराच्या ट्रॉलीची चाकं अशीच जायची. वरून साजरी, अन् आतून लोणी. आमाले वाटे चिकटवनारा चोर हाय."

हर्षा त्यांच्याकडे पाहतच राहिली. पुढच्या क्षणी तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "मामाजी! मी फक्त झिजण्याचा विचार केला. चेपण्याचा केलाच नाही!"

परतताना केवलरामच्या गाडीत मागच्या सीटवर ती वहीवर भराभर काहीतरी काढत होती. रोल मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात माल एकदा चेपतो, एकदा उसळतो. उसळताना जेवढी ताकद परत देतो तेवढी ठीक. जी परत देत नाही ती उष्णता होऊन पोटात बसते. आणि हा माल उष्णता बाहेर जाऊ देत नाही. थंड ठेवण्यासाठी फ्रीजच्या भिंतीत याच्याच भावाला भरतात!

"सर, तो ईथर जातीच्या मालाचा ड्रम आहे ना? चाकांच्या ऑर्डरसाठी आणला होता, ऑर्डर रद्द झाली तो?"

"हर्षा मॅडम," केवलराम आरशातून पाहत म्हणाला, "आज नको."

"फक्त नमुने ओतते. टिकल्या. एवढ्याशा."

केवलराम गप्प बसला. त्याची गप्प बसण्याची पद्धत दोन प्रकारची होती. हा होकाराचा प्रकार आहे हे हर्षाला कळलं.

पुढच्या रविवारी रुआबांध्याच्या अंगणात जे चाललं होतं ते पाहायला शेजारच्या दोन बायका भिंतीवरून डोकावून गेल्या. पाटावर पेढ्याएवढ्या जाड चार टिकल्या मांडल्या होत्या, दोन लाल एस्टरच्या, दोन पिवळट ईथरच्या. एकीवर मीटरभर लांबीची पारदर्शक नळी हर्षानं उभी धरली होती. नळीवर स्केचपेननं सेंटिमीटरच्या खुणा. हिरालाल स्टुलावर चढून वरून बेअरिंगमधली पोलादी गोळी सोडत होते. कमलाबाईंची नजर सगळ्यांत तीक्ष्ण म्हणून आकडा त्या सांगत होत्या.

"सोडा!"

टक्.

"अठ्ठावीस," कमलाबाई म्हणाल्या.

"पुन्हा."

"सत्तावीस. अठ्ठावीसच धर."

लाल टिकल्या झाल्या. आता पिवळी. हर्षानं नळी सरकवली.

टक्.

"अगं बाई!" कमलाबाई खालून ओरडल्या. "अर्ध्याले गेली ना वं ही! सत्तेचाळीस!"

"परत सोडा, मामाजी, परत!"

"सेहेचाळीस! सत्तेचाळीस!"

हिरालाल स्टुलावरून उतरले आणि त्यांनी पिवळी टिकली उचलून उजेडात धरली. "ही गोळीले वापस फेकते. म्हणजे पोटात काई ठेवत नाई."

"हेच! लाल शंभरातले अठ्ठावीस परत देते, बाकीचे स्वतःच खाते आणि तापते. ही जवळजवळ निम्मे परत देते. घासण्यात लालपेक्षा थोडी कमी असेल. पण गार राहील, मामाजी, गार राहील!" हर्षा अंगणात जवळजवळ नाचत होती. मग थांबली. "आणि थर पातळ करायचा. ड्रम मोठ्या मापाचा घ्यायचा आणि वर माल कमी. म्हणजे आतली उष्णता लोखंडात जाईल. लोखंड तर सगळीकडे पसरवतं ती."

"अन् चिकटवनारा?"

"तो चोर नव्हताच. पण. माझी एक चूक होती. ओतल्यावर माल घट्ट झाला म्हणजे तयार झाला असं नसतं. साखळ्या पुढं आठ दिवस एकमेकींना धरत राहतात. मी दुसऱ्याच दिवशी गाडीत घातला. सेठनं घाई केली, मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

"मंग या बारीले म्हन," हिरालाल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं हे सगळं केवलरामला सांगितलं, चूक सुद्धा. तो टिकली बोटांत फिरवत राहिला, मग ती टेबलावर ठेवून स्वतःच तिच्यावर गोळी टाकून पाहिली, उसळून ती कपाटाखाली गेली. ती शोधत गुडघ्यांवर वाकलेल्या अवस्थेतच तो म्हणाला, "एकच जोडी. शेवटची."

ओतायचा दिवस गुरुवार ठरला. शेडमध्ये भट्टी सांभाळणारा चिंधू पहाटेपासून हजर होता. पन्नाशीचा, मितभाषी, भट्टीचं दार उघडायचा तर असं, जणू आत बाळ झोपलंय. साचे तापून तयार होते. पहिला पदार्थ, रेझिन, ऐंशी अंशांवर; दुसरा, हार्डनर, वितळवून एकशे दहावर. हिरालाल खास पाहुणे म्हणून आले होते, पण हर्षानं त्यांनाही मास्क, चष्मा आणि हातमोजे चढवले होते.

"ऐका सगळे," ती म्हणाली. "हार्डनर पडला की आपल्याकडे पाच मिनिटं. एक मिनिट मिसळायला, दोन मिनिटं निर्वात भांड्यात, म्हणजे हवेचे बुडबुडे ओढून निघतील. उरलेल्यात ओतायचं. सहाव्या मिनिटाला हे भांड्यातच दगड होणार. कुणी प्रश्न विचारायचे नाहीत."

पहिला रोल घड्याळासारखा झाला. भांड्यात माल दुधासारखा उतू आला, फेस वर चढला, फुटला, खाली बसला, आणि खालून मधासारखा नितळ रस दिसायला लागला. हर्षानं तो एका धारेत ओतला. चिंधूनं साचा भट्टीत सरकवला.

दुसऱ्या रोलला हार्डनर पडला. मिसळून झालं. भांड्याचं झाकण बसलं, पंप सुरू झाला, फेस चढायला लागला. आणि दिवे गेले.

पंपाची घरघर खाली-खाली येत बंद पडली. शेडमध्ये एकदम शांतता.

"लाइन गोल हो गे," चिंधू म्हणाला.

"किती झाली?" हर्षानं ओरडून विचारलं.

केवलरामच्या समोर टेबलावर स्टॉपवॉच चालू होतं. "एक मिनिट पन्नास. मॅडम, सोडा आता, फेका तो—"

"नाही!" तिनं झाकण उघडलं. फेस अर्धा फुटला होता, आत बारीक बुडबुडे तरंगत होते. आधीच दोन्ही पदार्थांतली हवा वेगवेगळी काढून ठेवली होती, ही तेवढी मिसळतानाची. हे बुडबुडे रोलमध्ये राहिले तर तिथून तो फाटणार. तिचं डोकं विजेच्या वेगानं चाललं. "साचा आडवा करा! तिरपा! मामाजी, तुम्ही धरा, केवलराम सर, दुसरी बाजू!"

बोटभर जाडीचे हातमोजे घातलेले दोन म्हातारे हात आणि दोन जाड हात साच्याला भिडले. चिंधूनं दाराजवळची फळी ओढून बाहेरचा उजेड आत घेतला. हर्षानं भांडं उंच धरलं आणि सुतासारखी बारीक धार साच्याच्या वरच्या काठावर सोडली. धार जितकी बारीक, तितके तिच्यातले बुडबुडे ताणून वाटेतच फुटतात. माल भिंतीवरून घरंगळत खाली उतरत होता, हवा वरच्या बाजूनं निघत होती.

"तीन मिनिटं," केवलराम म्हणाला.

"थोडं उभं करा. हळू. अजून थोडं."

"साडेतीन."

"मामाजी, तुमची बाजू वर."

"हाव, हाव, घे तू."

"चार!"

धार जडावली होती. भांड्याच्या काठावर माल दोऱ्यासारखा लांबत होता. हर्षाच्या चष्म्यावर घाम ओघळला, पुसायला हात मोकळा नव्हता. "उभा करा! पूर्ण उभा!" शेवटची वाटी वर पडली, साचा काठोकाठ भरला, आणि चार मिनिटं चाळीस सेकंदांना तिनं रिकामं भांडं खाली ठेवलं. तळाशी उरलेला माल ती बघत असतानाच थिजला.

"भट्टी?" तिनं धापा टाकत विचारलं.

चिंधूनं साचा आत ढकलून दार घट्ट लावलं होतं. त्यानं दारावर हात ठेवून सांगितलं, "नइ जुड़ावय, मैडम. घंटा भर गरम रइही." भट्टी तासभर थंड होत नाही, हे तो वीस वर्षांच्या अनुभवानं सांगत होता. वीज पस्तीस मिनिटांनी आली.

केवलराम खुर्चीत बसला आणि मास्क काढून मोठ्यानं हसायला लागला. "मॅडम, मी तीस वर्षं हा धंदा करून राहिलो. आज पहिल्यांदा वाटलं की आपण काही करतो."

साच्यातून निघालेली जोडी मधाच्या रंगाची होती. हर्षानं बॅटरी लावून इंच न् इंच पाहिला. दुसऱ्या रोलच्या वरच्या कडेला तीन बुडबुडे होते. तेवढा भाग लेथवर कापला गेला. बाकी आरपार स्वच्छ.

त्याच संध्याकाळी शामसुंदरचा फोन आला. "मॅडम, सुना है बन गया. कल भेज दीजिए."

हर्षानं फोन धरून खोल श्वास घेतला. "नहीं सेठजी. दस दिन बाद."

"दस दिन! सीज़न चल रहा है!"

"उतने दिन लगेंगे ही. जल्दी चाहिए तो मैं नहीं दूँगी."

पलीकडून "ठीक है," असं तुटकसं आलं. हर्षानं मागे वळून पाहिलं तर केवलराम दारात उभा होता. तो मान डोलावून निघून गेला. दहा दिवस रोल फळीवर पडून राहिले, आणि येता-जाता सगळ्यांनी त्यांना हात लावला.

जानेवारीच्या एका सकाळी नऊ वाजता मशीन सुरू झालं. भुशाची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. हर्षाच्या हातात लांबून तापमान मोजायची बंदूक होती. दर पंधरा मिनिटांनी ती जाळीतून रोलवर रोखायची आणि वहीत आकडा लिहायची. एकेचाळीस. अठ्ठेचाळीस. पंचावन्न. मागच्या खेपेला जिथं तुकडा सुटला ती दोन तासांची वेळ गेली. कुणी मिठाईचं नाव काढलं नाही.

साठ. सहासष्ट. एकाहत्तर.

केवलरामचा चेहरा पडला. तो तिच्या कानाशी ओरडला, "चढतंय मॅडम. थांबवा. याच्या पुढं गेलं तर पुन्हा तेच."

मोहितनं बटणाकडे हात नेला. हिरालाल म्हणाले, "थांबवा, मी हात लावून पाहतो." मशीन बंद झालं, स्विच निघाला. म्हाताऱ्यानं एक तळहात रोलवर आणि दुसरा ड्रमच्या आतल्या लोखंडावर क्षणभर टेकवला. "दोन्ही बराबर हाय. आतून चोरी नाई. पन ताप जास्ती हाय, खरं हाय."

हर्षा मात्र खाली वाकली होती. तिनं मशीनखालच्या दाण्यांची मूठ भरली आणि पोत्यावर पसरली. शंभर दाणे बोटानं वेगळे केले. मग पुन्हा शंभर. ती ताठ उभी राहिली.

"मोहित भैया, इसमें एक भी धान नहीं है. सब छिल गया."

"हाँ मैडम, बढ़िया छिल रहा है!"

"बढ़िया नहीं! सौ में दस-बारह दाने बिना छिले आने चाहिए, वो दोबारा घूमकर आते हैं. और टूटे कितने हैं, देखो!" ती सगळ्यांकडे वळली. तिचा आवाज चढला होता, पण रागानं नाही. "दाब कितना रखा है?"

"जो रबर में रखते हैं, वही."

"मामाजी, हा रोल रबरापेक्षा घट्ट आहे. ह्याला तेवढं आवळायची गरजच नाही! उगाच चेपतोय आपण!"

हिरालालनी मांडीवर थाप मारली. "बाप्पा! ढिला करा ना मंग!"

मोहितनं दाबाचं बटण फिरवलं. काटा चतुर्थांशानं खाली आला. मशीन पुन्हा सुरू झालं. हर्षानं बंदूक रोखली. सत्तर. पंधरा मिनिटं. अडुसष्ट. आता सगळेच जाळीपाशी गोळा झाले होते, बंदुकीवरचा आकडा वाचायला डोक्याला डोकं लावून. चौसष्ट. शामसुंदरनं दाणे चाळायला घेतले, तुकडे मोजायला लागला, पुन्हा मोजले, कारण त्याला विश्वास बसेना. बासष्ट. बासष्ट. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी हललं नाही. चार वाजता पुन्हा बासष्ट आला तेव्हा केवलराम एकदम ओरडला, "बस, आता हलत नाही तो!" आणि गोंगाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही, फक्त त्याचे वर गेलेले हात दिसले.

हर्षानं भूपेंद्रला फोन लावला. तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. ती नुसतीच "बासष्ट! बासष्ट!" ओरडत राहिली आणि तो पलीकडून "क्या हुआ? कोण बासष्ट?" विचारत राहिला.

ती जोडी अकरा दिवस चालली. पाचव्या दिवशी शामसुंदरनं स्वतःहून फोन करून सांगितलं की अजून निम्मा माल शिल्लक आहे. आठव्या दिवशी बेमेतऱ्याच्या एका मिलवाल्यानं केवलरामला विचारलं. अकराव्या दिवशी झिजलेले रोल घेऊन शामसुंदरच शेडवर आला. तो तक्रार करायला आला की कौतुक करायला हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, कारण तो आल्या-आल्या म्हणाला, "मैडम, एक शिकायत है. ये किनारे से ज़्यादा घिसा, बीच में कम."

हर्षाचे डोळे चमकले. "दाखवा!"

चिंधूनं रोल शिकंज्यात धरला, करवतीनं आडवा कापला. कापलेला भाग त्यानं ओल्या फडक्यानं पुसला. कापलेलं तोंड मधासारखं, लोखंडापर्यंत एकसंध. सूज नाही, भेग नाही, मऊपणा नाही. ज्या रोलमध्ये दिवे गेले होते तो हा, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं. पण शामसुंदर खरं बोलत होता. कडांना झीज जास्त होती.

"धान कडेनं जास्त पडतं," हिरालाल वाकून म्हणाले. "वरून सोडनारी फळी तिरपी असन. मी उद्या जाऊन पाहतो."

"आणि मी कडेला माल जरा घट्ट करून पाहते," हर्षा वही उघडत म्हणाली. "दोन जातींचे दोन पट्टे, एकामागोमाग ओतलेले. पहिला थिजायच्या आत दुसरा. दोन मिनिटांचा खेळ आहे, सर."

केवलरामनं तिच्याकडे, मग त्या कापलेल्या रोलकडे पाहिलं. मग तो मोबाईल काढून शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत गेला आणि कुणाला तरी विचारायला लागला की वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा मोठा पंप कुठं मिळेल, आणि शेडची मागची भिंत अजून वीस फूट मागे नेली तर किती दिवस लागतील.